हजेरीचा स्कोअर, एआय आणि वाळूज-शेंद्र्याची भरती

गोदाकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत एचआर बघतो. कंपनीचं नाव देत नाही. जे सांगतोय ते एकट्या आमच्या गेटातलं नाही; शेंद्रा, चिकलठाणा, जालन्याकडचे ओळखीचे लोकही थोड्याफार फरकानं हेच सांगतात.

आमच्या खात्यात एआय आधी बायोडेटा चाळायला आलं. मग कोणत्या लाइनला, कोणत्या शिफ्टला किती माणसं लागतील याचा अंदाज बांधायला आलं. या दोन्हींविषयी माझी फारशी तक्रार नव्हती. धागा काढायचं कारण आहे तिसरं काम: प्रत्येक कामगाराला दिला जाणारा 'भरवशाचा स्कोअर'. पंचिंगच्या वेळा, उशीर, खाडे, ओव्हरटाइमला हो म्हटलं की नाही, हे सगळं एकत्र करून सॉफ्टवेअर शंभरपैकी एक आकडा काढतं. कंत्राटी पोरांना ब्रेक द्यायची, म्हणजे कामावरून थांबवायची वेळ आली की यादी त्या आकड्यावरून लागते.

सप्टेंबर २०२५ मधला पाऊस आठवा. धाराशिव, बीड, लातूर, नांदेड सगळीकडे हाहाकार. भूम-परंड्यात सीना नदी गावांत शिरली, नुसती पिकं नाहीत तर शेतातली माती खरवडून गेली. आमची पोरं मिळेल त्या गाडीनं गावाकडं पळाली. कुणाची जनावरं वाहून गेलेली, कुणाचे आईवडील शाळेत आसऱ्याला. त्यातल्या अर्ध्यांचे फोन चार्जिंगअभावी बंद होते, रजेचा अर्ज वगैरे कोण करणार?

दिवाळीनंतर ऑर्डरींचं शेड्यूल उतरलं आणि ब्रेकची यादी निघाली. मी ती वरून वाचत आलो आणि पत्त्याच्या रकान्यावर अडकलो. परंडा, भूम, परंडा, शिरूर कासार, गेवराई, परंडा. दोन-तीन वर्षं एकही खाडा नसलेली पोरं त्यात होती. सॉफ्टवेअरनं हिशोबात काही चूक केली नव्हती. खाडे खरेच होते. त्या खाड्यांमागं पूर होता, एवढंच त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी पंचनाम्यांचे फोटो घेऊन प्लँट हेडकडे गेलो आणि तो महिना सगळ्यांच्याच हिशोबातून वगळून घेतला. आमचे साहेब समजूतदार आहेत म्हणून ते झालं. पण मी त्या दिवशी रजेवर असतो तर ती यादी तशीच ठेकेदाराकडं गेली असती, आणि त्या पोरांना कधीच कळलं नसतं की आपण कशामुळे निघालो.

माझं मत स्पष्ट आहे. किती माणसं लागतील हे सॉफ्टवेअरला जरूर विचारावं. कोणता माणूस नको, हे त्याच्यावर सोडू नये. ज्याला नाकारलं किंवा काढलं त्याला कारण मराठीत, लेखी मिळावं, आणि त्याखाली जित्याजागत्या माणसाची सही असावी. एचआरवाले, कामगार, आयटीआयचे शिक्षक, आयटीतली मंडळी, सगळ्यांनी आपापला अनुभव लिहा.

निदेशक_बीड

चांगला धागा. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिल्प निदेशक आहे. भरतीच्या दुसऱ्या टोकाला आमची पोरं उभी असतात, तिकडचं सांगतो.

आता प्रत्येक पोरगा बायोडेटा चॅटजीपीटीकडून लिहून घेतो. त्यात मला गैर वाटत नाही, इंग्रजी लिहायला कोण शिकवलंय त्यांना? पण होतं काय, चाळीस पोरांचे चाळीस बायोडेटा एकाच माणसानं लिहिल्यासारखे येतात. दोन वर्षं बेंच व्हाइसला उभं राहून फाइल मारलेल्या पोराच्या कागदावर 'धोरणात्मक नेतृत्व' आणि 'परिणामाभिमुख व्यक्तिमत्त्व'. जे त्याला खरंच येतं ते गायब. मी आता वर्गात बसवून घेतो आणि विचारतो, तू हातानं काय केलंयस? ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटचा व्हर्नियर वाचता येतो? लिही. लेथवर थ्रेडिंग केलंय? लिही. कोणत्या मापाचं, तेही लिही. चाळणी लावणारं सॉफ्टवेअर असे ठोस शब्दच शोधतं, आणि पुढं मुलाखतीत सुपरवायझरही तेच विचारतो.

दुसरी अडचण नावाची. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं आधी. लग्न झालेल्या मुलींची तर तीन कागदांवर तीन नावं. पूर्वी टेबलामागचा क्लार्क एका नजरेत ओळखायचा की माणूस एकच आहे. आता पोर्टल 'कागदपत्रं जुळत नाहीत' म्हणून अर्ज मागं टाकतं. विचारायला नंबर नाही, मेलला उत्तर नाही. कुणा कंपनीत हे पोर्टल सेट करणारे इथे असतील तर हात जोडून सांगतो, महाराष्ट्रातल्या मार्कशीटचा क्रम एकदा त्याला शिकवा.

बालाघाट

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

आमच्या पाटोदा-शिरूर भागात दसरा झाला की गावं रिकामी होतेत. आईबाप ऊसतोडीला कोयत्यावर, लेकरं आजीकडं. मुकादमाकडून उचल घेतलेली असती, ती फिटंस्तोवर सुटका नाही. अशा घरातल्या पोराला कंपनीत लागायचं म्हटलं की आधी माणूस शोधा. ह्या पुढाऱ्याची चिठ्ठी, त्या ठेकेदाराला पैसे. माझ्या मोठ्या भावाची उमेदीची वर्षं त्यात गेली.

धाकट्याला एका कंपनीचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. मराठीत. ट्रेड कोणता, मार्क किती, कधी जॉइन होशील. पलीकडं माणूस नव्हता, मशिनच विचारत होतं. मग मोबाइलवर परीक्षा, मग गेटवर एक प्रॅक्टिकल, आणि जॉइनिंग. रुपया गेला नाही, चिठ्ठी लागली नाही. कोणत्या गावचा, कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. त्यामुळं एआय वाईट म्हणायला मन धजत नाही माझं. तुमच्यासारखे चांगले एचआर सगळीकडं असते तर आम्हाला मशिनची गरजच पडली नसती.

फक्त खाड्याच्या स्कोअरबद्दल तुमच्या बाजूनं आहे. खाडा काय असतो ते आमच्या बायांना विचारा. एक दिवस बसली तर दंड कापला जातो. त्या धास्तीनं गर्भपिशव्या काढून घेतल्या बायांनी. २०१९ मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली, पेपरात आलं होतं सगळं. माणूस का आला नाही हे न विचारता नुसता खाडा मोजला की काय होतं ते बीड जिल्ह्यानं बघितलंय. तेच आता कॉम्प्युटरवर नको.

टाइमऑफिस

बालाघाट, वशिल्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. मी निवृत्त माणूस, सगळी नोकरी टाइम ऑफिस आणि वेल्फेअरमध्ये गेली. १९८५ ला बजाज वाळूजला आली, तिच्या मागोमाग पुरवठादार आले, तेव्हापासूनची भरती बघितली. सेवायोजन कार्यालयाची यादी असायची, आणि दुसरी यादीही असायची. दुसरी कुठून यायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आमच्या मस्टरला शेवटी 'शेरा' नावाचा रुंद रकाना होता. खाडा लाल शाईनं मारायचा आणि शेऱ्यात दोन शब्द लिहायचे. आई वारली. पेरणी. पोरगं घाटीत अॅडमिट. बदली कामगारांना परमनंट करायची वेळ आली की मॅनेजर ते मस्टर मागवून घ्यायचे आणि शेरे वाचायचे. लाल खुणा एकसारख्या असलेल्या दोन माणसांत फरक तिथं कळायचा.

पंचिंग मशीन आलं तेव्हा वेळ सेकंदापर्यंत कळायला लागली आणि तो रकाना गेला. तुमच्या सॉफ्टवेअरला नेमका तोच हवा आहे असं मला वाटतं.

गोदाकाठचा

टाइमऑफिस सर, हे कामाचं सांगितलंत. व्हेंडरशी बोलून बघतो आणि कळवतो.

तोवर नियोजनाबद्दल थोडं. तिथं एआयचा फायदा मी डोळ्यांनी बघतोय, म्हणून तो सांगितल्याशिवाय चित्र पुरं होणार नाही. मोठ्या कंपनीकडून आम्हाला महिन्याचं पक्कं शेड्यूल आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. त्यावरून लाइनला माणसं किती हे काढायचं, त्यात गैरहजेरी धरायची, ट्रेनी धरायचे. पूर्वी हे एक्सेलवर आणि अंदाजपंचे चालायचं. रविवारी रात्री ठेकेदाराला फोन, 'उद्या फर्स्टला पोरं वाढव'. मग तो वाळूजलगतच्या रांजणगावच्या खोल्यांमधून झोपलेल्या पोरांना उठवणार. आता पुढच्या आठवड्याचा रोस्टर गुरुवारी बोर्डावर लागतो. ज्याला गावाकडं जायचंय तो आधी बघून ठरवतो. साधी गोष्ट आहे, पण पोरांच्या जिवाला केवढा आराम.

मात्र हे आपोआप नीट बसलेलं नाही. २०२३ चं उदाहरण देतो. सॉफ्टवेअर आदल्या वर्षाच्या पंचिंगवर शिकलेलं. त्याला दिसलं की ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गैरहजेरी एकदम वाढते. का वाढते ते त्याला माहीत नव्हतं, आपल्याला माहीत आहे: पोळा. २०२२ मध्ये पोळा ऑगस्टअखेर होता. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि पोळा गेला १४ सप्टेंबरला. सॉफ्टवेअरनं ऑगस्टअखेर जादा माणसं उभी केली, ती नुसती बसून राहिली. आणि १४ सप्टेंबरला प्रेस शॉपमध्ये मशीन आहेत, ऑपरेटर नाहीत.

मग मी डेटात एक रकाना वाढवून घेतला: तिथी. पोळा, आषाढी, पैठणची नाथषष्ठी, दसरा. लग्नाच्या दाट तिथीही टाकल्या. पुढं जिल्हावार पाऊसही टाकला, कारण सोयाबीन काढणी कधी सुरू होणार हे कॅलेंडर ठरवत नाही, परतीचा पाऊस ठरवतो. अंदाज सुधारले. यंदा १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन मे अखेरीस लग्नं नाहीत. तारखेवर शिकलेलं कोणतंही सॉफ्टवेअर तिथं हटकून चुकेल. ज्यांच्याकडं असं काही आहे त्यांनी आत्ताच सांगून ठेवा.

रेणापूरकर

मूळचा लातूर जिल्ह्यातला, आता पुण्यात, कामच मशीन लर्निंगचं. गोदाकाठचा यांनी पोळ्याचं जे लिहिलं ते आमच्या टीममध्ये वाचून दाखवलं.

बालाघाट यांच्या मुद्द्याला धरून लिहितो. गाव, आडनाव विचारलं नाही म्हणून मशीन भेदभाव करत नाही असं मानू नये. ते जुन्या निर्णयांवर शिकतं. गेल्या दहा वर्षांत तुम्ही कुणाला घेतलं, कोण टिकलं, कुणाला बढती दिली, यातून ते 'चांगला उमेदवार' म्हणजे काय ते उचलतं. अॅमेझॉननं २०१४ पासून असं बायोडेटा छाननीचं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं होतं. दहा वर्षांच्या बायोडेटांवर ते शिकलं, आणि ते बायोडेटा बहुतांश पुरुषांचे. परिणाम असा की महिलांच्या क्लबचा किंवा महिला कॉलेजचा उल्लेख दिसला की ते गुण कमी करू लागलं. स्त्री की पुरुष हा रकाना त्याला कुणी दिलेला नव्हता. कंपनीनं ते बंद केलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉयटर्सनं बातमी दिली.

आपल्याकडं हेच पत्त्यावरून होऊ शकतं. वाळूजमध्ये बजाजनगरला राहणारा टिकतो आणि वैजापूरहून बसनं येणारा सोडून जातो असं मशीन शिकलं, की ते वैजापूरच्या पोराला बोलावणारच नाही. शिक्षणातल्या गॅपचंही तसंच. २०१६ मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या दोन-तीन दुष्काळी वर्षांत किती पोरांनी कॉलेज मधेच सोडलं आणि नंतर पुन्हा धरलं! बायोडेटात ती रिकामी वर्षं दिसतात, मशीन त्याला बेशिस्त समजतं.

बाहेर कायदे येऊ लागलेत. न्यूयॉर्क शहरात ५ जुलै २०२३ पासून भरतीच्या अशा साधनांची दरवर्षी त्रयस्थाकडून तपासणी करावी लागते आणि उमेदवाराला आधी सांगावं लागतं. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आला, त्यात भरती आणि कामगार व्यवस्थापनाची साधनं 'उच्च जोखमी'च्या वर्गात आहेत. अमेरिकेत वर्कडे या सॉफ्टवेअर कंपनीवरच वयावरून डावलल्याचा खटला चालू आहे. म्हणजे उमेदवारानं विचारलंय की मला नाकारणारी कंपनी तर आहेच, पण नाकारायचं साधन विकणारा कुठं आहे? आपल्याकडं भरतीतल्या एआयसाठी असा वेगळा कायदा नाही.

एक काम प्रत्येक एचआर आजच करू शकतो. सॉफ्टवेअरनं नाकारलेल्यांतले काही अर्ज दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून उचलायचे आणि स्वतः वाचायचे. चांगली माणसं तिथं सापडली तर चाळणीचं भोक कुठं चुकलंय ते कळतं.

औंढेकर

मी वाचनमात्र असते, पण आज लिहिते. औंढा नागनाथची, विद्यापीठातून एमबीए एचआर केलं. म्हणजे ज्या खात्याबद्दल तुम्ही बोलताय त्याच खात्यात नोकरी शोधतेय.

एका कंपनीनं व्हिडिओ मुलाखत ठेवली. समोर माणूस नाही. स्क्रीनवर प्रश्न येतो, तीस सेकंद विचार करायला, दोन मिनिटं बोलायचं, पुढचा प्रश्न. घरात नेटवर्क फक्त माळवदावर येतं, म्हणून वर जाऊन बसले. वाऱ्याचा आवाज, खालून म्हैस ओरडतेय, आणि मी कॅमेऱ्याकडं बघून हसायचा प्रयत्न करतेय. समोर कुणी मान हलवत नाही, हूं म्हणत नाही. आपण बरोबर बोलतोय की भरकटलोय काही कळत नाही.

शेवटी त्यांनी माझ्या बोलण्याचा लेखी मजकूर दाखवला. मी 'अॅट्रिशन', म्हणजे माणसं नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण, कमी कसं करायचं यावर जीव तोडून बोलले होते. मजकुरात सगळीकडं 'अॅट्रॅक्शन' पडलं होतं. कर्मचाऱ्यांचं आकर्षण कमी करण्याचे उपाय! माझं इंग्रजी वाईट नाही, उच्चार हिंगोलीचे आहेत. दुरुस्त करायची सोय नव्हती. दोन दिवसांनी 'आपल्या प्रोफाइलचा पुढे विचार करता येणार नाही' असा मेल आला. मला त्या मजकुरावर नाकारलं की आणखी कशावर, हे आजही माहीत नाही. नाकारल्याचं दुःख मी पचवते. कशात कमी पडले ते सांगा, मी शिकेन, एवढंच म्हणणं आहे.

रेणापूरकर

@औंढेकर, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. आवाजावरून मजकूर करणारी यंत्रणा ज्या उच्चारांवर शिकली त्यापेक्षा वेगळे उच्चार आले की जास्त चुकते, हे या क्षेत्रात सगळे जाणतात. हायरव्ह्यू ही या धंद्यातली मोठी अमेरिकन कंपनी. तिनंसुद्धा चेहऱ्यावरचे हावभाव तपासून गुण देणं बंद केल्याचं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. युरोपात तर कामाच्या ठिकाणी भावना ओळखणारं एआय २ फेब्रुवारी २०२५ पासून, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, बंदच आहे. पुढच्या वेळी मजकूर चुकलेला दिसला तर लगेच स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच दिवशी एचआरला मेल टाका. उत्तर येईलच असं नाही, पण नोंद राहते.

चिकलठाणा_लघुउद्योग

मालकाच्या बाजूनं दोन शब्द. माझं छोटं युनिट आहे, कास्टिंगचं मशीनिंग. आम्हाला एचआर खातंच नाही, मी आणि अकाउंटंट. फिटर पाहिजे म्हणून जाहिरात टाकली की शेकडो अर्ज येतात, त्यातले निम्मे बीए, बीकॉम. ते सगळे वाचायचे म्हटलं तर धंदा कोण करणार? एआयनं ते काम अर्ध्या तासात होतं.

आणि एक चांगलं उदाहरण. फायनल इन्स्पेक्शनला कॅमेरा बसवला, भेगा, ब्लो होल तो पकडतो. तिथं डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्या मुलींना काढलं नाही. कॅमेऱ्यानं नापास केलेला पार्ट खरंच नापास आहे का, हे त्याच बघतात, आणि चुकलं तर कॅमेऱ्याला शिकवतात. त्यांच्याइतकी नजर कुणाचीच नाही. पगार वाढवून दिला, कारण आता त्या माझ्यासाठी जास्त मोलाच्या आहेत.

निदेशक_बीड

@चिकलठाणा_लघुउद्योग, असं करणारे मालक थोडे आहेत साहेब, पण वाचून बरं वाटलं. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या अहवालात २०३० पर्यंत जगात १७ कोटी नव्या नोकऱ्या येतील आणि ९ कोटी २० लाख जातील असा अंदाज आहे. पोरं हा आकडा मला दाखवतात, म्हणतात सर, बेरीज तर वाढतेय. जाणारी नोकरी वाळूजची आणि येणारी बंगळुरूची असली तर गेवराईच्या पोराला त्या बेरजेचा काय उपयोग? बिडकीनला टोयोटा, जेएसडब्ल्यू, एथर यायचं म्हणतायत. त्यांना कोणत्या ट्रेडची किती पोरं कधी लागणार, हा अंदाज त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असणारच. तो आयटीआयपर्यंत का येत नाही? आम्ही प्रवेश देतो तेव्हा पोरगा दोन वर्षांनी बाहेर पडणार असतो. सीएमआयए आणि मसिआ या इथल्या उद्योजकांच्या दोन संघटनांनी मनावर घेतलं तर सगळ्या कंपन्यांचे अंदाज एकत्र करून मराठवाड्यातल्या आयटीआयना देता येतील. नियोजन म्हणतात ते हेच की.

गोदाकाठचा

निदेशक सर, याच्याशी दोनशे टक्के सहमत. आमचा अंदाज ट्रेडनिहाय काढून देता येईल का ते मी साहेबांना विचारतो. त्यात गुपित असं काही नाही.

गेटमीटिंग

युनियनमध्ये काम करतो. भावना सगळ्या पटल्या, आता हातात काय आहे ते बघू.

औद्योगिक संबंध संहिता २०२० बाकीच्या तीन कामगार संहितांसोबत २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामगार कपातीला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा जुन्या केंद्रीय कायद्यात १०० कामगारांची होती, ती ३०० वर गेली. आपल्या भागातले बरेच कारखाने त्यामुळं परवानगीच्या बाहेर गेले. हे नुकसान आहेच.

पण कलम ४० वाचा. जुन्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हेच कलम ९अ होतं. तिसऱ्या अनुसूचीतल्या बाबींत बदल करायचा असेल तर मालकानं कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यायची. त्या बाबी कोणत्या? कामाचे तास, स्थायी आदेशांत नसलेले शिफ्टमधले बदल, शिस्तीचे नवे नियम, आणि ज्यामुळं कपात होण्याची शक्यता आहे असं तंत्र किंवा यंत्रातलं सुसूत्रीकरण. स्कोअर लावून शिस्तीचे नियम बदलले किंवा एआयमुळं माणसं कमी होणार असली, तर ती नोटीस मागायचा युनियनला आधार आहे. शिवाय कपात झाली तर प्रत्येक कामगारामागं १५ दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचा, अशीही तरतूद आहे.

अडचण आहे कंत्राटी पोरांची. त्यांचा मालक कागदावर ठेकेदार. स्कोअर काढते कंपनी, ब्रेक देतो ठेकेदार, आणि विचारायला गेलं की दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात. गोदाकाठचा म्हणतात ती सही नेमकी कुणाची, हे आधी ठरवून घ्या. माझ्या मते ज्याच्या सॉफ्टवेअरमधून यादी निघाली त्याची.

गोदाकाठचा

गेटमीटिंग, बरोबर. सही आमचीच असावी, मी लिहून द्यायला तयार आहे.

व्हेंडरशी बोलणं झालं. शेऱ्याचा रकाना देता येईल म्हणाला, पण मोकळा मजकूर नको, ठरावीक कारणांतून एक निवडायचं. कारणांची यादी आपण द्यायची. मी पेरणी, काढणी, कापूस वेचणी, पूर, घरातलं आजारपण, बाळंतपण, मयत एवढं लिहिलंय. आणखी सुचवा.

बालाघाट

आईबाप तोडीला गेले आणि घरी म्हातारी आजारी पडली, हे लिहा. आमच्याकडं दर हंगामाला होतं.

टाइमऑफिस

एस्टी बंद, रस्ता बंद. पावसाळ्यात नदीकाठच्या गावांना लागणारच.

गेटमीटिंग

थांबा मंडळी. मला यात धोका दिसतोय. हा रकानाही डेटाच होणार. उद्या सॉफ्टवेअर शिकेल की ज्याच्याकडं शेती आहे तो जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये येत नाही, ज्या बाईला लहान लेकरू आहे ती जास्त खाडे करते. मग पुढच्या भरतीला शेती असलेला आणि लेकुरवाळी दोघं बाहेर. आपणच त्यांची कारणं कंपनीच्या हातात दिलेली असतील. टाइमऑफिस सरांचा शेरा माणूस वाचत होता, तो दयेनं वाचता येतो. हा कोण वाचणार?

रेणापूरकर

गेटमीटिंग यांची शंका खरी आहे, हे असंच होतं. उपाय असा: शेऱ्याचा रकाना स्कोअरच्या आणि भरतीच्या मॉडेलला अजिबात जोडायचा नाही. ब्रेकची यादी समोर आली की माणसानं तो उघडून वाचायचा, बस्स. नियोजनाला आकडे लागले तर नावं काढून, अख्ख्या लाइनचे मिळून द्यायचे, म्हणजे 'ऑक्टोबरात काढणीमुळं इतके टक्के' एवढंच. व्हेंडरच्या करारात हे लेखी घ्या, तोंडी नको. रकाना कोण कोण उघडतं याची नोंदही राहिली पाहिजे.

गोदाकाठचा

करारात घालतो. ते व्हेंडरनं मान्य केलं नाही तर शेरा आम्ही वहीत लिहू, पण लिहू नक्की. स्कोअरवरून थेट यादी लावणं मात्र आता साहेबांनी थांबवलंय. यादी आधी लाइनच्या सुपरवायझरकडं जाते, मग माझ्याकडं.

औंढेकर

एक विचारायचं राहिलं. त्या कंपनीकडं माझा व्हिडिओ, आवाज, तो चुकलेला मजकूर आणि जो काही स्कोअर असेल तो, हे सगळं अजून पडून असणार. मी पुन्हा तिथंच अर्ज केला तर जुना स्कोअर आडवा येईल का? तो काढून टाका असं सांगता येतं का?

रेणापूरकर

जुना स्कोअर आडवा येऊ शकतो, बऱ्याच पोर्टलना उमेदवाराचा जुना इतिहास दिसतो.

काढून टाकायला सांगण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आहे. तुम्ही संमतीनं किंवा स्वतःहून दिलेली माहिती काय आहे ते बघायचा, दुरुस्त करायचा आणि पुसून घ्यायचा. नोकरीत असलेल्यांची स्थिती थोडी वेगळी आहे, कारण नोकरीच्या कामासाठी लागणारी माहिती वापरायला मालकाला वेगळी संमती लागत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण या हक्कांची अंमलबजावणी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. तोवर जबरदस्ती करता येणार नाही, मागणी करता येते. ज्या मेलवर नकार आला त्यालाच उत्तर द्या. मुलाखतीची तारीख लिहा, चुकलेल्या मजकुराचं एक वाक्य उदाहरण म्हणून द्या, आणि व्हिडिओ, मजकूर आणि गुण तिन्ही पुसावेत असं वेगवेगळं लिहा. नुसतं 'माझा डेटा काढा' लिहिलं तर फक्त बायोडेटा काढतात. मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत करून देतो.

औंढेकर

व्यनि केलाय. आज रात्रीच पाठवते.